दफ्तराचा भार आणि तारेची वाट

पश्चिम रेल्वेच्या विरार-डहाणू मार्गावर पालघर आणि बोईसर या दोन मोठ्या स्थानकांच्या दरम्यान उमरोळी हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या एका अंगास जिल्ह्याचे ठिकाण आहे, तर दुसऱ्या अंगास तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीज पुरविणारे अणुवीज केंद्र आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि ठाण्यापर्यंतचा लांबचा हेलपाटा चुकला. आता जिल्हा मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावरच, उमरोळीकरांच्या जवळ आले आहे.

माणसांचा प्रवास असा कमी झाला, पण कागदांचा प्रवास मात्र वाढला आहे. जन्माची नोंद, रहिवासाचा दाखला, सातबाऱ्याचा उतारा, मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, ग्रामसभेचे ठराव, पंचायतीचा जमाखर्च या साऱ्या गोष्टी आज संगणकातून तालुक्यास, जिल्ह्यास, मुंबईस आणि दिल्लीस जातात. दूरदूरच्या कार्यालयांना जोडणाऱ्या या व्यवस्थेस तंत्रज्ञ 'वाइड एरिया नेटवर्क' असे म्हणतात. मराठीत तिला दूरपल्ल्याचे संगणकजाळे म्हणता येईल.

हे जाळे सर्वत्र सारखे रुंद नसते. रेल्वेमार्गालगतच्या गावांची परिस्थिती वेगळी आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांची वेगळी. एकाच गावातही सकाळी दहाला आणि दुपारी बाराला, म्हणजे सर्व कार्यालयांचे काम एकदम सुरू झाल्यावर, जाळ्याचा वेग निरनिराळा असतो. दाखल्यासाठी आलेला शेतमजूर अशा वेळी ओटीवर बसून राहतो. फाईल 'चढत' नाही एवढ्याच कारणाने त्याचा दिवस जातो आणि मजुरी बुडते. वाट रुंद करणे हा यावरचा एक उपाय आहे आणि त्यासाठी काचतंतूंच्या तारा टाकण्याचे काम चालू आहे. दुसरा उपाय वाटेवरून जाणारा भार कमी करण्याचा. त्यालाच माहितीचे संक्षेपण म्हणतात. हे संक्षेपण कसे होते, त्यापासून लाभ कोणता आणि धोका कोणता, हे दफ्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

जुनीच युक्ती

संक्षेपण ही संगणकाने शोधून काढलेली नवलाई नव्हे. मराठी पत्रलेखकास ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 'स. न. वि. वि.' ही चार अक्षरे पाहताच वाचणारा 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असे मनाशी वाचतो. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री, 'चि.' म्हणजे चिरंजीव आणि 'ता. क.' म्हणजे ताजा कलम, हे लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास दोघांसही माहीत असते. म्हणून पूर्ण शब्द लिहिण्याचे श्रम वाचतात आणि अर्थाची तसूभरही हानी होत नाही. पाणिनीने 'अच्' या एका संज्ञेत सर्व स्वर आणि 'हल्' या संज्ञेत सर्व व्यंजने सामावून घेतली, ती याच मार्गाने.

तारखात्यानेही हेच केले. 'कडकट्ट' करणाऱ्या यंत्रावर जी मोर्स लिपी चाले, तिच्यात इंग्रजीतील सर्वांत अधिक वेळा येणाऱ्या 'ई' या अक्षरास केवळ एक बिंदू दिलेला होता. क्वचित येणाऱ्या 'क्यू' या अक्षरास मात्र तीन रेघा आणि एक बिंदू असा लांब संकेत होता. जे वारंवार लागते ते आखूड ठेवावे आणि जे क्वचित लागते ते लांब असले तरी चालेल, असा हा हिशेब होता. शुभेच्छांच्या तारांसाठी खात्याने ठराविक वाक्यांची क्रमांकवार यादीच करून ठेवली होती. विवाहाच्या, दिवाळीच्या किंवा परीक्षेतील यशाच्या शुभेच्छा धाडताना पूर्ण वाक्य तारेवरून जात नसे. फक्त क्रमांक जाई आणि पलीकडचा तारबाबू यादीत पाहून वाक्य उतरवून देई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, परंतु तिने घालून दिलेले हे दोन्ही धडे आजच्या संगणकजाळ्यात जसेच्या तसे चालू आहेत.

या उदाहरणांतून संक्षेपणाचे सूत्र सांगता येते. पलीकडच्यास जे आधीच ठाऊक आहे किंवा जे तो स्वतः काढू शकतो, ते पुन्हा पाठवू नये. जे त्याला ठाऊक नाही, ते मात्र एक अक्षरही गाळू नये.

भार मोजण्याचे माप

भार कमी करण्यापूर्वी तो मोजता आला पाहिजे. संगणकाच्या माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे 'बिट'. त्याची किंमत शून्य किंवा एक एवढीच असते. आठ बिटांचा एक 'बाइट' होतो. फाईलचा आकार बाइटमध्ये सांगतात, तर तारेचा वेग दर सेकंदास किती बिट जातात यावरून सांगतात. या फरकाकडे लक्ष न दिल्यामुळे अनेकांचा अंदाज आठ पटींनी चुकतो.

राज्याचे मुख्यालय, जिल्हे आणि तालुके यांना जोडणाऱ्या राज्यव्यापी संगणकजाळ्याची योजना केंद्र शासनाने २००५ मध्ये मंजूर केली, तेव्हा प्रत्येक जोडणीस किमान २ मेगाबिट, म्हणजे सेकंदास सुमारे २० लाख बिट, एवढा वेग ठरविण्यात आला होता. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तिचे उद्दिष्ट प्रत्येक पंचायतीस १०० मेगाबिट देण्याचे होते. हे आकडे मोठे दिसतात, पण कागदाचा भार त्यांच्याशी ताडून पाहिला म्हणजे खरी परिस्थिती ध्यानात येते.

नेहमीच्या ए-४ आकाराचा एक कागद स्कॅनरवर ठेवला आणि दर इंचास ३०० ठिपके या मानाने त्याची प्रतिमा घेतली, तर त्या पानावर सुमारे ८७ लाख ठिपके पडतात. प्रतिमा रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २ कोटी ६१ लाख बाइट होतात. २ मेगाबिटच्या तारेवर दुसरे कोणतेही काम चालू नसले, तरी हे एक पान जाण्यास सुमारे १०४ सेकंद लागतील. वीस पानांच्या प्रकरणास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल. तेच पान निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत घेतले तर प्रत्येक ठिपक्यास एकच बिट पुरतो आणि काम साडेचार सेकंदांच्या आत होते. त्या पानावरील दोन हजार चिन्हांचा मजकूर मराठीत टंकलिखित करून पाठविला, तर त्याचे अवघे ६ हजार बाइट होतात आणि एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात तो पोहोचतो. रंगीत प्रतिमेच्या तुलनेत हा भार चार हजार पटींहून अधिक हलका आहे. कोणतेही संक्षेपण सुरू होण्यापूर्वीच एवढा फरक पडतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मराठी अक्षराचे तीन बाइट

दोन हजार चिन्हांचे सहा हजार बाइट का झाले, असा प्रश्न वाचकास पडेल. याचे उत्तर मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे.

जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात स्थान देणाऱ्या पद्धतीस 'युनिकोड' म्हणतात. ती पद्धत तारेवरून पाठविण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे 'यूटीएफ-८'. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी ती बसविली. या रीतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो की अनुस्वार, तीन बाइट लागतात. उमरोळीचे नाव इंग्रजीत लिहिले तर सहा अक्षरांचे सहा बाइट होतात. देवनागरीत उ, म, र, ओकाराची मात्रा, ळ आणि दीर्घ वेलांटी अशी चिन्हे सहाच आहेत, पण बाइट मात्र अठरा होतात. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या 'इस्की' या पद्धतीत देवनागरी चिन्हास एकच बाइट पुरत असे. तथापि ती पद्धत भारतीय लिपींपुरती मर्यादित होती, तर युनिकोडमुळे मराठी मजकूर जगातील कोणत्याही संगणकावर, कोणत्याही भ्रमणध्वनीवर वाचता आणि शोधता येऊ लागला.

मग मराठीने कायम तिप्पट भाडे भरावे काय? तसे मुळीच नाही. 'उमरोळी' या शब्दाचे अठरा बाइट अंकांत मांडून पाहावेत. ते असे : २२४-१६४-१३७, २२४-१६४-१७४, २२४-१६४-१७६, २२४-१६५-१३९, २२४-१६४-१७९, २२४-१६५-१२८. प्रत्येक त्रिकुटाचा पहिला अंक २२४ आहे. दुसरा अंक एकतर १६४ किंवा १६५ आहे. खरी नवी माहिती काय ती तिसऱ्या अंकात आहे. पलीकडच्या यंत्रास 'यापुढे मजकूर देवनागरी आहे' हे एकदा कळले, म्हणजे पहिला अंक पुनःपुन्हा पाठविण्याचे कारणच उरत नाही. संक्षेपण करणारी प्रणाली नेमकी ही पुनरुक्ती हेरते. त्यामुळे मराठी मजकूर मूळ आकाराने मोठा असला तरी संक्षेपणानंतर त्याचे वजन इंग्रजीच्या मानाने अधिक प्रमाणात उतरते. शासकीय भाषेचा लांब मजकूर बहुधा मूळच्या चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. तात्पर्य, मराठीत काम केल्याने तारेवर भार पडतो ही समजूत निराधार आहे.

दोन मूळ पद्धती

आजच्या बहुतेक संक्षेपण-प्रणाली दोन पद्धतींच्या मिश्रणातून तयार झालेल्या आहेत.

पहिली पद्धत डेव्हिड हफमन यांची. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ते विद्यार्थी असताना प्राध्यापकांनी वर्गास लेखी परीक्षा किंवा एक निबंध यांपैकी काहीही निवडण्याची मुभा दिली होती. हफमन यांनी निबंध निवडला आणि त्यातून निघालेली रीत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. मोर्सच्या तत्त्वास तिने गणिताची शिस्त लावली. मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते ते आधी मोजावयाचे आणि मग सर्वांत अधिक वेळा येणाऱ्या चिन्हास सर्वांत आखूड संकेत द्यावयाचा. मराठीत काना, र, त, क ही चिन्हे पदोपदी येतात, तर ङ आणि ञ क्वचितच दिसतात. पहिल्यांना थोडे बिट आणि दुसऱ्यांना जास्त बिट दिले की एकूण जमाखर्चात बचत होते.

दुसरी पद्धत जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ व १९७८ मध्ये मांडली. ती शुभेच्छांच्या तारेसारखी आहे. फरक एवढाच की, वाक्यांची यादी आधी छापून ठेवावी लागत नाही. मजकूर जसजसा पुढे सरकतो तसतशी ती यादी दोन्ही टोकांस आपोआप तयार होते. पंचायतीच्या जन्मनोंदवहीत 'ग्रामपंचायत उमरोळी, तालुका पालघर, जिल्हा पालघर' ही शब्दावली प्रत्येक नोंदीस लागते. 'ग्रामपंचायत' या एका शब्दाचेच ३३ बाइट होतात. पहिल्या नोंदीत ही शब्दावली पूर्ण जाते. दुसऱ्या नोंदीपासून 'मागे इतक्या अंतरावर जे आले, तेच इतक्या लांबीपर्यंत पुन्हा घ्या' एवढीच सूचना जाते आणि तिला साधारणतः दोन-तीन बाइट पुरतात. नोंदी जितक्या अधिक आणि जितक्या एकसारख्या, तितकी बचत मोठी.

१९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास ९,६०० बिट एवढ्या वेगावर काम चाले. आजचे कोणतेही चित्र त्या वेगाने येण्यास कंटाळा यावा इतका वेळ लागेल. त्या काळच्या मोडेमांमध्ये झिव्ह-लेम्पेल यांचीच पद्धत बसविलेली असे आणि साध्या मजकुराचा प्रवास तिने सुसह्य होई. आज 'झिप' फाईल बांधताना किंवा संकेतस्थळाचे पान उघडताना या दोन्ही पद्धती मिळून काम करीत असतात, पण वापरणाऱ्यास त्याची जाणीवही नसते.

तालुका कार्यालयांत अनेक वर्षे चाललेल्या फॅक्स यंत्राचे उदाहरण याहून सोपे आहे. १९८० च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फॅक्स यंत्र पानाची प्रत्येक ओळ १,७२८ ठिपक्यांत वाचते. ओळ पूर्ण कोरी असेल तर '१,७२८ पांढरे ठिपके' एवढाच निरोप जातो आणि त्याला केवळ १७ बिट लागतात. म्हणजे भार शंभरावा हिस्सा झाला. कागदावर शाईपेक्षा कोरी जागा अधिक असते, या साध्या निरीक्षणावर ही सारी बचत उभी आहे.

मर्यादा आहे काय?

'झिप केलेली फाईल पुन्हा झिप केली तर आणखी लहान होईल काय?' असा प्रश्न शिक्षकांना विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर नकारार्थी आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले की, प्रत्येक मजकुरात खऱ्या नावीन्याचा काही अंश असतो आणि त्याखाली संक्षेपण जाऊ शकत नाही. उसाचा रस एकदा पूर्ण काढल्यावर चिपाडे कितीही पिळली तरी काही निघत नाही, तसेच हे आहे. भ्रमणध्वनीवर काढलेली छायाचित्रे आधीच संक्षिप्त केलेली असतात. ती झिपमध्ये बांधल्याने एका गाठोड्यात येतात एवढाच लाभ, वजन घटत नाही.

गुप्तलेखनाचेही तसेच आहे. माहिती सुरक्षित राहावी म्हणून तिला कुलूप घातले की ती बाहेरून निव्वळ गोंधळासारखी दिसते आणि गोंधळात पुनरुक्ती सापडत नाही. म्हणून आधी संक्षेपण आणि मग गुप्तलेखन, हाच क्रम योग्य ठरतो.

फरक तेवढाच पाठवावा

दूरपल्ल्याच्या जाळ्यात आणखी एक पद्धत फार उपयोगी पडते. दोन्ही टोकांस जुनी प्रत असेल, तर नव्या प्रतीतील बदल तेवढाच पाठवावयाचा. शंभर पानांच्या नोंदवहीत आज दोन ओळी वाढल्या, तर संपूर्ण वही पुन्हा धाडण्याचे कारण नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घेता येईल. प्रदूषणाचा संभव अधिक असलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांनी आपल्या सांडपाण्याचे व धुराचे मापन अखंड करून ते थेट नियंत्रण मंडळाकडे पाठवावे, असे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये दिले. अशा मापकाचे आकडे समजा ७.१, ७.१, ७.१, ७.२, ७.२ असे येत आहेत. प्रत्येक वेळी पूर्ण आकडा पाठविण्याऐवजी 'बदल नाही, बदल नाही, एक दशांश वाढ, बदल नाही' असे कळविले तरी पलीकडे पूर्ण तक्ता उभा राहतो. भार कमी झाला आणि एकही आकडा हरवला नाही. उद्या पाण्याची आम्लता एकाएकी वाढली, तर तो बदल मात्र पूर्णपणे जातो. तो तसा जाणे हाच मापनाचा हेतू आहे.

एका गोष्टीवर मात्र संक्षेपणाचा इलाज चालत नाही. काचतंतू न पोहोचलेल्या दुर्गम गावांना उपग्रहाद्वारे जोडले जाते. ज्या उपग्रहावर हे काम चालते, तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असेल, तर निरोप वर जाऊन खाली येण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो आणि प्रश्नोत्तरास अर्धा सेकंद. एखादे संकेतस्थळ एकामागून एक वीस प्रश्न विचारीत असेल, तर दहा सेकंद केवळ येण्याजाण्यात जातात. फाईल कितीही लहान केली तरी हे अंतर घटत नाही. तेथे प्रश्नांची संख्या कमी करणे हाच उपाय होय.

हानी होणारे संक्षेपण

येथवर वर्णन केलेल्या सर्व पद्धतींत पलीकडे मूळ मजकूर अक्षरशः जसाच्या तसा मिळतो. यांना हानिरहित पद्धती म्हणतात. दुसरा वर्ग हानी पत्करणाऱ्या पद्धतींचा आहे. छायाचित्रांसाठी १९९२ पासून रूढ झालेली 'जेपेग' पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि मानवी डोळ्यास सहसा जाणवत नाहीत असे बारकावे गाळून टाकते. वृक्षारोपणाच्या समारंभाचे छायाचित्र असे दहाव्या हिश्श्यावर आले तर कोणाचे काहीच बिघडत नाही. गाळलेले बारकावे मात्र पुन्हा कधीच परत येत नाहीत.

दफ्तराच्या कागदावर हाच बारकावा लाखमोलाचा असू शकतो. देवनागरीत अनुस्वार हा एक ठिपका आहे. तो पुसला गेला तर 'कांता' या वारसाची 'काता' होते आणि नावातील तफावतीमुळे प्रकरण परत येते. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर १ आणि ९ या अंकांत एका लहानशा वळणाचा फरक असतो. क्षेत्र १९ आर की ११ आर, हे त्या वळणावर ठरते आणि आठ आर म्हणजे आठशे चौरस मीटर जमीन होय. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसारख्या प्रकल्पांसाठी या जिल्ह्यात भूसंपादन झालेले आहे. बोईसर हे त्या मार्गावरील एक नियोजित स्थानक आहे. अशा प्रसंगी मोबदल्याचा हिशेब क्षेत्राच्या आकड्यावरच होतो. तो आकडा धूसर प्रतिमेतून वाचण्याची पाळी यावी, हे खातेदारास परवडणारे नाही.

याहून गंभीर प्रकार २०१३ मध्ये जर्मनीत उघडकीस आला. डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञास असे आढळले की, एका नामांकित बनावटीची स्कॅन यंत्रे घराच्या नकाशावरील खोल्यांचे क्षेत्रफळच बदलून टाकीत होती. मूळ नकाशात २१.११ असा आकडा असताना प्रतीत १४.१३ असा आकडा स्पष्ट, ठळक आणि सुवाच्य उमटत होता. यंत्रातील संक्षेपण-प्रणाली एकसारखे दिसणारे ठसे शोधून एकाच्या जागी दुसरा बसवीत होती आणि त्यात तिची फसगत होत होती. पुढे उत्पादकाने प्रणालीत दुरुस्ती केली. या घटनेचा धडा असा की, धूसर अक्षर निदान शंका तरी उत्पन्न करते, पण चुकीचे असूनही ठसठशीत असलेले अक्षर कोणाच्याही नजरेत येत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचे पथ्य

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. या स्वाक्षरीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. कागदावरील सही ही सहीच्या जागेपुरती असते. डिजिटल स्वाक्षरी मात्र संपूर्ण फाईलच्या प्रत्येक बाइटशी गणिताने बांधलेली असते. फाईल झिपमध्ये बांधून पाठविली व पलीकडे सोडविली, तर एकही बाइट बदलत नाही आणि स्वाक्षरी वैध राहते. परंतु तीच फाईल 'लहान करून देणाऱ्या' एखाद्या साधनातून काढली, तर पान डोळ्यास तसेच दिसले तरी आतील बाइट बदलतात आणि पडताळणीत स्वाक्षरी अग्राह्य ठरते. उतारा छापून, पुन्हा स्कॅन करून, मग आकाराच्या मर्यादेत बसविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. त्या खटाटोपात हलकी आणि वैध फाईल जाऊन तिच्या जागी जड आणि पडताळता न येणारी प्रतिमा येते. नागरिकाच्या पदरी पडतो तो त्रुटीचा शेरा आणि आणखी एक खेप.

कार्यालयांनी काय पाळावे

वरील विवेचनातून काही साधे नियम निघतात. त्यांना खर्च लागत नाही, केवळ दक्षता लागते.

१. जो मजकूर नव्याने तयार होत आहे तो युनिकोड मराठीत टंकलिखित करावा आणि तशाच स्वरूपात पाठवावा. छापून पुन्हा स्कॅन करू नये.

२. काळ्या शाईतील साधा कागद काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत घ्यावा. शिक्का किंवा रंगीत खूण महत्त्वाची असेल तरच रंगीत प्रतिमा घ्यावी.

३. जुनी हस्तलिखित नोंद, नकाशा, फेरफार यांसाठी हानिरहित पद्धतच वापरावी. हानी होणारी पद्धत समारंभाच्या छायाचित्रांपुरती ठेवावी.

४. अर्जासोबतच्या कागदांना संकेतस्थळावर आकाराची कमाल मर्यादा असते. त्यात बसविण्यासाठी प्रतिमा लहान केल्यास, पाठविण्यापूर्वी ती पडद्यावर उघडून नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि दिनांक ही चार स्थळे मूळ कागदाशी ताडून पाहावीत.

५. डिजिटल स्वाक्षरीची फाईल मिळाली तशीच पुढे द्यावी.

६. मोठ्या नोंदवह्यांच्या प्रती दूरच्या संगणकावर ठेवताना रोज पूर्ण प्रत न पाठविता फक्त बदल पाठविणारी साधने वापरावीत आणि शक्यतो हे काम कार्यालयीन वेळेनंतर करावे, म्हणजे दिवसाची वाट नागरिकांच्या कामास मोकळी राहील.

शाळांनाही या विषयाचा उपयोग करून घेता येईल. पाठ्यपुस्तकातील एखादा उतारा घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते मुलांकडून मोजवून घ्यावे, पुनरुक्त शब्दांना क्रमांक द्यावेत आणि मग उताऱ्याची लांबी पुन्हा मोजावी. गणित आणि भाषा यांचा असा सहज मेळ दुसरीकडे क्वचितच आढळेल. या प्रयोगास संगणकाची देखील आवश्यकता नाही.

तारेची वाट दिवसेंदिवस रुंद होत जाईल हे खरे. परंतु वाट रुंद झाली की तिच्यावरची वर्दळही वाढते, हा रस्त्यांचा अनुभव जाळ्यांनाही लागू आहे. म्हणून काय पाठवावे, कोणत्या स्वरूपात पाठवावे आणि काय कदापि गाळू नये, याचा विवेक दफ्तर सांभाळणाऱ्यालाच ठेवावा लागेल. ओटीवर वाट पाहत बसलेल्या माणसाचा दाखला वेळेत निघाला आणि त्यावरील त्याचे नाव अनुस्वारासह शुद्ध उमटले, तर संक्षेपण साधले असे म्हणता येईल.